अर्धवटाचे दुसरे अर्ध : नभोवाणीवरील शब्दभ्रम आणि मराठी बोलका बाहुला

शब्दभ्रम ही डोळ्यांची कला की कानांची, असा प्रश्न कोणी विचारला, तर बहुतेक रसिक फारसा विचार न करता ती डोळ्यांची कला आहे असे उत्तर देतील. रंगमंचावर एक गृहस्थ बसलेला असतो आणि त्याच्या मांडीवर एक बाहुला. बाहुल्याचा जबडा हलतो, गृहस्थाचे ओठ हलत नाहीत, आणि शब्द बाहुल्याच्या मुखातून येत आहेत असा भास प्रेक्षकांना होतो. आवाज नेमका कोठून आला हे मनुष्याच्या कानाला फार काटेकोरपणे सांगता येत नाही. हलणारे तोंड दिसले की कान आपली साक्ष डोळ्यांच्या स्वाधीन करतो. शब्दभ्रमाची सारी मदार कानाच्या या परावलंबनावर आहे. तेव्हा जेथे डोळ्यांना काहीच काम नाही अशा नभोवाणीवर ही कला रुजणे म्हणजे आंधळ्यांच्या गावी आरसे विकण्यासारखेच झाले, असे कोणासही वाटेल.

परंतु इतिहास असे सांगतो की, हे आरसे विकले गेले आणि भरपूर विकले गेले. एडगर बर्गन हा शिकागो येथे १९०३ साली जन्मलेला शब्दभ्रमकार. व्हॉडेव्हिल नावाच्या विविधरंजनाच्या खेळांत त्याने आपली कला घडविली. पण बोलपट आणि नभोवाणी यांच्या आक्रमणाने ते खेळ बसत गेले, तेव्हा त्याला निशागृहांतील कार्यक्रमांचा आसरा घ्यावा लागला. १९३६ च्या डिसेंबरात रूडी व्हॅली या गायकाच्या नभोवाणी कार्यक्रमात तो आपला बाहुला चार्ली मॅकार्थी याला घेऊन आला. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात त्याला एका कॉफी कंपनीच्या आश्रयाने चालणाऱ्या रविवारच्या कार्यक्रमात मुख्य स्थान मिळाले, आणि कार्यक्रमाचे नाव, प्रायोजक व जाळी बदलत बदलत हा बाहुला १९५६ पर्यंत नभोवाणीवर बोलत राहिला. १९३८ साली बर्गनला अमेरिकन चित्रपट अकादमीचा खास सन्मान मिळाला. एरवी धातूची असणारी मूर्ती त्याच्यासाठी लाकडाची केली होती आणि तिचा जबडा हलता ठेवला होता.

या यशाकडे आजवर बहुधा एक नवल म्हणूनच पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. नभोवाणीने शब्दभ्रमातील चमत्काराचा भाग काढून घेतला आणि उरलेले तेच या कलेचे मूळ सत्त्व होते. ते सत्त्व संवादाचे म्हणजे वाङ्मयाचे होते. हे एकदा मान्य केले की, मराठीतील बोलक्या बाहुल्याकडे आणि मराठी विनोदाच्या इतिहासाकडेही आपल्याला निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

बर्गनचे ओठ हलत असत. हे त्याच्या चाहत्यांनाही ठाऊक होते, आणि विशेष असे की चार्ली स्वतःच त्यावरून बर्गनची यथेच्छ टर उडवीत असे. रंगमंचावर जो दोष प्राणघातक ठरला असता, तोच नभोवाणीवर विनोदाचे भांडवल झाला. मग श्रोत्यांनी ऐकले ते काय? त्यांनी दोन माणसे ऐकली. एक सौम्य, विद्वत्तेकडे झुकलेला, संकोची वडीलधारा. दुसरा उद्धट, चतुर, वयाने पोरगा पण वागण्यात छाकटा. चार्लीचा पोशाख उंच टोपी, लांब शेपटाचा कोट आणि एका डोळ्यावर चष्मा असा उमरावी थाटाचा होता. श्रोत्यांना तो दिसत नव्हता, तरी प्रत्येकाच्या मनात तो बसला होता, कारण संवादांनी तो तेथे बसविला होता. चार्ली लाकडाचा आहे हीदेखील आता दिसण्याची गोष्ट राहिली नव्हती, सांगण्याची झाली होती. डब्ल्यू. सी. फील्ड्स या विनोदी नटाशी चार्लीचे जे लटके वैर चाले, त्यात फील्ड्स त्याला जळाऊ लाकूड करण्याच्या धमक्या देई आणि वाळवीच्या व सुतारपक्ष्याच्या नावाने भेडसावी. प्रत्येक कोटीबरोबर श्रोत्याच्या मनात लाकडावर आणखी एक टाका पडे. सुताराने एकदा घडविलेला बाहुला दर रविवारी शब्दांनी पुन्हा घडविला जात होता. यालाच आपण वाङ्मयात व्यक्तिरेखन म्हणतो.

बर्गनने पुढे मॉर्टिमर स्नर्ड नावाचा एक मंदबुद्धी खेडूत बाहुला निर्माण केला. चार्लीची जीभ जितकी तिखट, तितकी मॉर्टिमरची जड. दोघांचा आवाज एकाच कंठातून निघे. तरी त्यांतला कोणता कोणाचा हे ओळखण्यासाठी श्रोत्याला कोणाच्याही ओठांकडे पाहावे लागत नसे. एका कंठातून दोन स्वभाव निघणे हे कंठाचे कसब थोडे आणि लेखणीचे अधिक आहे. इंग्लंडात याच गोष्टीचा उलटा पुरावा मिळाला. पीटर ब्रफ याचा आर्ची अँड्र्यूज हा बाहुला १९५० ते १९६० या दशकात बी. बी. सी.च्या नभोवाणीवर अफाट लोकप्रिय होता. दूरचित्रवाणीवर मात्र ब्रफचे हलणारे ओठ लोकांना दिसू लागले आणि भ्रम विरला. जी कला डोळ्यांची म्हणून नावाजली, तिला कानांनी तारले आणि डोळ्यांनी बुडविले.

येथवर आल्यावर एक शंका उद्भवते. संवाद हेच जर सत्त्व, तर बाहुला हवाच कशाला? दोन नट का नकोत? या शंकेचे उत्तर बाहुल्याला मिळणाऱ्या मोकळिकीत आहे. बर्गनने जे स्वतःच्या तोंडाने म्हटले असते तर असभ्य ठरले असते, ते चार्ली म्हणू शकत होता. कारण तो बोलताच बर्गन त्याला दटावीत असे. बोलणाराही तोच आणि दटावणाराही तोच. अपराध आणि प्रायश्चित्त एकाच श्वासात उरकले जात असल्यामुळे श्रोता निर्धास्तपणे हसू शकत होता.

या मोकळिकीची किंमत कोण देतो, हे १२ डिसेंबर १९३७ च्या कार्यक्रमात उघड झाले. त्या दिवशी मे वेस्ट ही नटी पाहुणी होती. आदम आणि ईव्ह यांच्यावरील एका प्रहसनात तिने ईव्हचे काम केले, आणि त्याखेरीज चार्लीबरोबर तिचा शृंगारिक थट्टेचा एक प्रवेश झाला. संहिता दुसऱ्यांनी लिहिलेल्या होत्या. पण त्या उच्चारणारा स्वर तिचा होता. निषेधाचे वादळ उठले, नभोवाणीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने कानउघाडणी केली, आणि पुढे अनेक वर्षे मे वेस्टला नभोवाणीची दारे बंद झाली. चार्लीचे मात्र काहीच बिघडले नाही. पुढल्या रविवारी तो होताच. तीच वाक्ये, तोच प्रवेश. पण लाकडाचे तोंड निर्दोष ठरले आणि स्त्रीचे तोंड दोषी. तिच्या शेजारी तिला लटके दटावून सोडवून घेणारा कोणी नव्हता. शब्दभ्रमाच्या इतिहासातील हा प्रसंग केवळ गमतीचा नाही. बोलणाऱ्याला अभय मिळते ते तो काय बोलतो यावरून मिळत नाही, तर त्याच्यामागे कोण उभा आहे यावरून मिळते, हे त्यातून दिसते.

पुढल्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री, दुसरी एक घटना घडली. बर्गनचा कार्यक्रम एका जाळ्यावर चालू असतानाच दुसऱ्या जाळ्यावर ऑर्सन वेल्स मंगळावरून आलेल्या आक्रमकांची श्रुतिका बातमीपत्राच्या थाटात सादर करीत होता. तिने काही श्रोते घाबरले. त्या घबराटीचे वर्तमानपत्रांनी केलेले वर्णन अतिरंजित होते, असे आता अनेक अभ्यासक मानतात. आपल्याला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, त्या रात्री एकाच वेळी हवेतून दोन प्रकारचे भ्रम वाहत होते. एका भ्रमात फसविणारा स्वतः हजर होता आणि त्याचे सोंगच त्याला तोंडावर लबाड म्हणत होते. दुसऱ्यात, निदान मध्येच कान लावणाऱ्या श्रोत्यापुरता, फसविणारा अदृश्य होता. पहिल्याने हसू निर्माण केले, दुसऱ्याने भय.

या भेदाला मराठीत एक नेमका शब्द आहे : बोलविता धनी. तुकोबांच्या वाणीतून रूढ झालेला हा शब्द मुळात नम्रतेचा आहे. आपल्या तोंडून निघणाऱ्या शब्दांचे श्रेय भक्त आपल्या देवाला देतो. आजच्या व्यवहारात मात्र आपण तो संशयाने उच्चारतो. एखादा पुढारी काही बोलला की त्याचा बोलविता धनी कोण, असे विचारतो. एकाच शब्दात भक्ती आणि संशय मावावेत, यावरून मराठी मनाने या प्रश्नाचा विचार किती काळ केला आहे याची कल्पना येते. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही आख्यायिका तरी काय सांगते? मुख कोणाचे याला महत्त्व नाही, हेच ती ब्रह्मवृंदाला सुनावते. ज्ञानेश्वरीत सूत्राने हालणाऱ्या सायखड्याच्या बाहुलीची उपमा येते, आणि एकनाथांच्या भारुडांत तर एक ब्राह्मण संतकवी महार, वासुदेव, जोशी अशा अनेकांच्या तोंडाने बोलतो. नाथांनी ही तोंडे घेतली ती थट्टेसाठी नव्हे. जे सत्य स्वतःच्या आसनावरून सांगता येत नव्हते, ते दुसऱ्याच्या उंबरठ्यावरून सांगता येत होते.

भारतीय परंपरेत बाहुल्याला आवाज देण्याचे निरनिराळे मार्ग आढळतात. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'बालरामायण' नाटकाच्या पाचव्या अंकात सीतेची यांत्रिक पुतळी आणली आहे. विरहाने व्याकूळ रावणाचे मन रमावे म्हणून मयाच्या शिष्याने ती घडविली, आणि तिच्या मुखात बोलायला शिकविलेली सारिका ठेवली. रावण काही काळ फसतोही. दुसरा मार्ग राजस्थानातील कठपुतळीचा. जयपूर, नागौर या भागांत फिरणारे भाट तोंडात बांबूची व चामड्याची एक लहानशी शिट्टी धरतात, तिला ते 'बोली' म्हणतात. अमरसिंह राठोडाच्या खेळात पुतळ्या या बोलीतून किंचाळतात, चिवचिवतात. पण त्यात शब्द नसतात. ढोलकीवर बसलेली बाई किंवा जोडीदार त्या आवाजाचा अर्थ प्रेक्षकांना सांगतो. येथे पुतळीचा आवाज एकाकडे आणि अर्थ दुसऱ्याकडे अशी वाटणी आहे. तिसरा मार्ग शब्दभ्रमकाराचा. त्यात आवाज आणि अर्थ ही दोन्ही एका कंठात एकवटतात, आणि वाटणी होते ती स्वभावाची. पहिल्या मार्गात नवल आहे, दुसऱ्यात उत्सव आहे; विनोदी नाट्याला लागणारा झगडा मात्र तिसऱ्यातच पुरतेपणी उभा राहतो.

हा तिसरा मार्ग आधुनिक रूपात भारतात रुजविण्याचे श्रेय एका मराठी माणसाला दिले जाते. प्रोफेसर वाय. के. पाध्ये म्हणून प्रसिद्धीस आलेल्या यशवंत पाध्ये यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या कलेची उपासना आरंभिली. त्यांच्या बाहुल्याचे नाव अर्धवटराव. पाध्ये घराण्यात त्याचा जन्म १९१६ च्या सुमाराचा मानला जातो, म्हणजे चार्ली मॅकार्थी नभोवाणीवर येण्यापूर्वी दोन दशके अर्धवटराव मराठी प्रेक्षकांपुढे येण्याच्या तयारीत होता. पुढे त्याला आवडाबाई ही सहधर्मचारिणी मिळाली. यशवंतरावांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी १९६७ साली मुंबईत स्वतंत्रपणे रंगमंचावर पदार्पण केले आणि अर्धवटराव दुसऱ्या पिढीच्या हाती आला. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाल्यानंतर तो घरोघरी ओळखीचा झाला, आणि रामदासांचे पुत्र सत्यजित यांच्या रूपाने तिसरी पिढीही याच मार्गाने चालली आहे. बर्गन १९७८ मध्ये निवर्तला आणि चार्ली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसला. अर्धवटरावाला धनी मिळत गेले म्हणून तो बोलत राहिला.

अर्धवटराव या नावाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिले आहे असे वाटत नाही. 'अर्धवट' ही शिवी आहे, 'राव' ही पदवी आहे. एकाच नावात अवहेलना आणि अदब शेजारी शेजारी बसविली आहे. मराठी मध्यमवर्गीय सभ्यतेचा हा अचूक उपहास आहे, कारण आपल्याकडे मूर्खालाही बहुवचनाने मूर्ख म्हणण्याची रीत आहे. पण नावाचा याहून खोल अर्थ अक्षरशः घेतल्यास हाती लागतो. अर्धवट म्हणजे अर्धा. हा बाहुला अर्धा आहे. त्याचे दुसरे अर्ध त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आहे. आणि त्या खुर्चीवरचा गृहस्थही, बाहुला बाजूला ठेवला की, तितकाच अर्धा उरतो. एकाजवळ समज आहे पण धीटपणा नाही. दुसऱ्याजवळ धीटपणा आहे पण समज नाही. दोघे मिळून एक पुरा माणूस होतो, आणि तो पुरा माणूस प्रेक्षकांनी स्वतःच्या ठिकाणी ओळखलेला असतो. नभोवाणीवरील चार्लीच्या यशाचे जे रहस्य आपण वर पाहिले, ते मराठीने आपल्या बाहुल्याच्या बारशातच सांगून ठेवले होते.

मराठी विनोदाच्या परंपरेत हे दोन अर्धांचे तत्त्व नवे नाही. गवळणीतील पेंद्या कृष्णाला जे ऐकवतो ते दुसरा कोणी ऐकवू शकणार नाही. वगातील सोंगाड्या राजाच्या भर दरबारात राजाचे वाभाडे काढतो आणि वाचतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याच्या पोह्यां'त सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या यांच्या आडून समाजाच्या रूढींवर हल्ला चढविला. चिं. वि. जोशांचा भिडस्त चिमणराव आणि त्याचा उतावळा गुंड्याभाऊ हे तर दोन अर्धांचे उत्कृष्ट उदाहरण. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेत पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी यांना बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी केवळ आवाजाने देह दिला. त्यात बाहुला नव्हता; पण संसाराच्या नित्याच्या कटकटीत बाहेरून येऊन फिरकी घेणारे भावोजी बाहुल्याचेच काम करीत होते. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली, आणि लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये ५२ पात्रे एकाच देहात वसविली. हे सारे शब्दभ्रमच होते. फरक एवढाच की तेथे लाकडाची गरज उरली नव्हती.

आता या तत्त्वाचा कस लावणारे एक उदाहरण घेऊ. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला' या बोलपटात तात्या विंचू हा बाहुला आहे. तो घडविला आणि चालविला रामदास पाध्ये यांनी, म्हणजे अर्धवटरावाच्याच घराण्यात तो जन्मला. परंतु कथेत तात्या विंचूला धनी नाही. त्याच्यात एका गुन्हेगाराचा आत्मा शिरला आहे. तो स्वतः चालतो, स्वतः बोलतो आणि मुलांची झोप उडवितो. एकाच हातांनी घडविलेल्या दोन बाहुल्यांपैकी एक हसवितो आणि दुसरा भिववितो, याचे कारण रंगात वा चेहऱ्यात शोधू नये. अर्धवटरावाच्या शेजारी त्याचे दुसरे अर्ध दिसते; तात्या विंचूच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. 'डेड ऑफ नाइट' या १९४५ च्या इंग्रजी बोलपटातही धनी आपल्या बाहुल्यावरची सत्ता गमावून बसतो आणि तेथेच विनोद संपून भय सुरू होते. बोलविता धनी समोर असला की खेळ होतो. तो नाहीसा झाला किंवा लपून बसला की त्याच शब्दांची दहशत होते. रंगभूमीपुरते हे खरे आहे आणि सार्वजनिक जीवनापुरतेही. निनावी बोलणाऱ्यांच्या आजच्या काळात ते अधिकच खरे आहे.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. बर्गनच्या कार्यक्रमांपैकी बरेच ध्वनिमुद्रित झाले आणि टिकले. म्हणूनच आज त्यांच्यातील संवादांची घडण तपासता येते. त्या बाहुल्याच्या नावे बर्गनने आपल्या मृत्युपत्रात १०,००० डॉलरांची तरतूद केली होती, तर मुलगी कँडिस हिच्यासाठी त्यात काही नव्हते, हे तिने पुढे स्वतःच लिहिले. बापाचे हे करणे क्रूर म्हणावे की वेडे, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी आपल्या निर्मितीला तो केवळ लाकूड समजत नव्हता एवढे त्यातून निश्चित होते. आपण मात्र बोलक्या बाहुल्याची गणना जादूच्या खेळांत करून मोकळे होतो. विनोदी वाङ्मयाचा इतिहास सांगताना छापील पानापाशी थांबतो, आणि जे शंभर वर्षे बोलले गेले, ज्यावर तीन पिढ्या हसल्या, त्याला वाङ्मयाच्या पंक्तीत पान मांडीत नाही. भारूड आणि वग यांच्या बाबतीत हीच चूक आधीच्या समीक्षेने केली होती, आणि ती निस्तरायला पुढील अभ्यासकांना फार श्रम पडले.

अर्धवटरावाचे संवाद काळाप्रमाणे बदलत आले, हेच त्यांच्या जिवंतपणाचे लक्षण आहे; पण जे बदलते ते टिपून ठेवले नाही तर पुसलेही जाते. कोणत्या दशकात त्याने कोणाची फिरकी घेतली, त्याच्या कोणत्या उत्तराला टाळी पडत असे, आवडाबाईला तो काय बोलू शके आणि काय बोलू शकत नसे, त्याचा धनी त्याला कोठे थांबवी, या प्रश्नांच्या उत्तरांत मराठी समाजाच्या मर्यादाशीलतेचा एक इतिहास दडलेला आहे. ते संवाद जमवावेत, तारीखवार लावावेत आणि एखाद्या प्रहसनाची संहिता वाचावी त्या गांभीर्याने वाचावेत. ज्या भाषेने 'बोलविता धनी' हा शब्द घडविला, तिने बोलणाऱ्या लाकडाचे शब्द हवेत विरू देऊ नयेत.